बाबांच्या छातीत रक्त साठलंय, नळी घातली आहे. डॉक्टरांना पुढे काय काय विचारू?

सुदामानगरची लेक, इंदूर

नमस्कार. डोकं ठिकाणावर नाही, लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. दहा-बारा दिवसांपूर्वी पावसात फूटी कोठीजवळ त्यांची गाडी घसरली. डाव्या कुशीवर पडले आणि हँडल बरगड्यांत बसलं. तशीच गाडी उचलून घरी आले आणि आईला म्हणाले, "काही नाही गं, खरचटलंय." रात्री कूस बदलता येईना तेव्हा जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे झोपवूनच एक्स-रे काढला. डावीकडच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या बरगडीला तडा, फुप्फुस ठीक. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले.

घरी आत्याने हळदीचा लेप लावून जुनं धोतर फाडलं आणि छाती घट्ट आवळून बांधली. बाबा खोकला आला तरी दाबून धरत होते. चार दिवस बरं वाटलं. परवा सकाळी पूजेला बसले आणि दोन ओळी म्हणेपर्यंत धाप लागली. समोर ठेवलेले पोहे तसेच राहिले. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ८९. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेत डावी बाजू खालून जवळजवळ अर्धी पांढरी, मग सीटी. डॉक्टर म्हणाले, "छाती में खून भर गया है, ट्यूब डालनी पड़ेगी." नळी घातल्या घातल्या ९०० मिली काळपट रक्त आलं. आता बाटली पलंगाखाली आहे आणि आम्ही तिच्याकडेच बघत बसलोय.

पडले तेव्हा एक्स-रेत काही नव्हतं, मग इतक्या दिवसांनी एवढं रक्त आलं कुठून? आत्या म्हणते हलू देऊ नका, निजवून ठेवा. फिजिओवाली येऊन म्हणते उठून चाला. ऐकायचं कुणाचं? बाबा श्वास घेतात तसं बाटलीतलं पाणी नळीत वरखाली होतं, ते बरोबर आहे ना? रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या, त्याची मला जास्तच धास्ती वाटते. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपा करून सांगा.

लष्करकर, ग्वाल्हेर

ताई, आधी धीर धरा. वेळेत नेलंत आणि नळी पडली, निम्मी लढाई तिथेच झाली.

माझ्या धाकट्या भावाचं वेगळं होतं, पण सांगतो, म्हणजे फरक कळेल. झाशी रोडवर ट्रकने उडवलं. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पांढराफटक, अंग गार, नाडी लागत नव्हती. नळी घालताच दीड लिटरच्या वर लालभडक रक्त आलं आणि थांबेना. सर्जन आमच्याशी दोन वाक्यं बोलले आणि तसेच ऑपरेशन थिएटरात घेऊन गेले. छाती उघडून बरगडीखालची फाटलेली धमनी बांधली. तासाभरात मित्रमंडळींनी रक्तपेढीपुढे रांग लावली होती. आज तो धडधाकट आहे, दुकान सांभाळतो.

तुमच्या बाबांचं रक्त काळपट होतं आणि आता थांबत आलंय असं वाटतं, म्हणजे आत जोरात वाहणारं काही नसावं. तरी दर तासाला बाटलीत किती वाढतंय ते वहीत लिहीत जा. आम्हाला सिस्टरनी तेच करायला लावलं होतं.

निवृत्त सिस्टर, लोकमान्य नगर, इंदूर

अगं बाळा, मी तुझ्या शेजारच्याच वस्तीतली. सर्जिकल वॉर्डात आयुष्य गेलं, पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. छातीच्या नळ्या मी इतक्या पाहिल्यात की तुझ्या बाबांची बाटली मला इथून दिसते. सावकाश वाच, आईलाही वाचून दाखव.

आधी रक्त आलं कुठून ते सांगते. फुप्फुसाला आणि छातीच्या आतल्या भिंतीला एकेक पातळ आवरण असतं. त्या दोघांच्या मध्ये एरवी चमचा-दोन चमचे ओलावा असतो, बाकी जागा अशी नसतेच. पण रक्त आलं की ती जागा फाकते आणि मोठ्या माणसात एका बाजूला तीन लिटरपर्यंत सामावू शकते. म्हणून या दुखण्यात बाहेर एक थेंब न दिसता माणूस आतल्या आत रिकामा होतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला धमनी, शीर आणि मज्जातंतू चिकटून गेलेले असतात. तडा गेलेल्या बरगडीचं टोक खोकताना, शिंकताना, कूस बदलताना हलतं आणि त्या शिरेला घासतं. कधी पहिल्या दिवशी धरलेली गुठळी सुटते. सातवी, आठवी, नववी या खालच्या बरगड्या, त्यांच्या टोकांनी पोट आणि छातीमधला पडदाही दुखावू शकतो. त्यात तुझ्या बाबांना दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. बरगडी मोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत असं उशिराने रक्त साठणं आम्ही वॉर्डात पुष्कळ पाहिलंय, आणि म्हाताऱ्या माणसांत जास्त. शिवाय साठलेल्या रक्ताने आवरणाला सूज येते आणि त्यातून पाणी सुटतं, म्हणजे ९०० मिली आलं ते सगळं निव्वळ रक्त असेल असं नाही.

पहिल्या एक्स-रेचं म्हणशील तर, बसवून काढलेल्या एक्स-रेतसुद्धा साधारण ३०० मिली साठेपर्यंत खालचा कोपरा स्पष्ट भरलेला दिसत नाही. झोपवून काढला तर रक्त पाठीमागे पसरतं, सगळीकडे फक्त धूसर दिसतं आणि लिटरभरही नजरेतून सुटू शकतं. सोनोग्राफीत थोडंसंही दिसतं, सीटीत तर स्पष्टच. म्हणून मला कळवळून सांगावंसं वाटतं, आणि हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच: साठीच्या पुढच्या माणसाच्या बरगड्या मोडल्या आणि तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून विषय संपत नाही. दोन-चार दिवसांत पुन्हा एक्स-रे काढून घ्या, तोही बसवून.

आता नळी. ती काखेखाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत घालतात, आणि खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालतात, म्हणजे मघाशी सांगितलेल्या शिरेला धक्का लागत नाही. बाटलीत पाणी असतं आणि नळीचं टोक त्यात दोनेक सेंटिमीटर बुडालेलं असतं. आतलं रक्त-हवा बाहेर येते, बाहेरची हवा आत जात नाही. हॅम्बुर्गच्या गोटहार्ड बुलाउ या डॉक्टरांनी ही युक्ती १८९१ साली छापून जगापुढे मांडली. तेव्हापासून काचेच्या जागी प्लॅस्टिक आलं, पण तत्त्व तेच आहे. मुलींना मी पहिल्याच दिवशी बाटली जोडायला लावायचे, कारण टोक पाण्याबाहेर राहिलं तर सगळंच व्यर्थ.

श्वासाबरोबर पाणी वरखाली होतंय ना? फार छान. त्याचा अर्थ नळी उघडी आहे. हे एकदम थांबलं तर सिस्टरला बोलाव. एक तर फुप्फुस पूर्ण फुलून भिंतीला टेकलं असेल, नाहीतर नळी मुडपली किंवा गुठळीने बंद झाली असेल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो एक्स-रेवरच कळतो. बुडबुडे येत असतील तर हवा निघतेय, म्हणजे फुप्फुसालाही कुठे छोटं छिद्र असू शकतं. अशा वेळी नळीला चिमटा लावायचा नाही. ट्रॉलीवरून एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय सोयीसाठी चिमटा लावू लागला तर स्पष्ट नाही म्हण आणि सिस्टरला बोलाव. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. ती पोटावर ठेवून नेतात ते मला आजही बघवत नाही, पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. बाटली फुटली तर नळीचं टोक स्वच्छ सलाइनच्या बाटलीत बुडवून धर आणि हाक मार. नळीच छातीतून निसटली तर जागेवर स्वच्छ गॉज दाबून धर आणि हाक मार.

आत्याचं मन दुखवू नकोस, पण ती पट्टी आजच्या आज सोड. आवळून बांधलं की दुखणं कमी वाटतं ते छाती हलत नाही म्हणून, आणि न हललेल्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसाला बरगडीपेक्षा हा न्यूमोनियाच घेऊन जातो. बाबा खोकला दाबत होते असं लिहिलंस, तिथेच माझं लक्ष गेलं. त्यांना दुखतंय आणि ते सांगत नाहीत. ही पिढी तशीच आहे. डॉक्टरांना विचार, दुखण्याचं औषध ठरावीक तासांनी देताय की मागितल्यावर? ठरावीक तासांनीच हवं. तेवढ्याने भागत नसेल तर भूलतज्ज्ञ बरगड्यांमधल्या नसांना बधिर करायचं इंजेक्शन देऊ शकतात, पण पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या हे त्यांना आठवणीने सांग. आणि घरातली कुठलीही दुखण्याची गोळी आपल्या मनाने देऊ नकोस, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो आणि किडनीला त्रास होतो.

स्टेंटच्या गोळ्या थांबवणं आणि परत कधी सुरू करायच्या, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर या दोघांनी मिळून ठरवायचं. तू फक्त एवढं कर: स्टेंट कधी बसवला, कोणता, याचे कागद घेऊन जा आणि दोघांनाही दाखव. तारखेवर बरंच अवलंबून असतं. "थांबवल्या" एवढं ऐकून घरी येऊ नकोस, "कोणत्या तारखेला सुरू करायच्या आणि एक की दोन्ही" हे कागदावर लिहून घे. डिस्चार्जच्या घाईत ही ओळ राहून जाते, आणि पुढे महिनाभर माणूस गोळीविना राहतो.

हाक कधी मारायची तेही लिहून ठेव. तासाला २०० मिलीच्या आसपास ताजं लाल रक्त येऊ लागलं, किंवा बाबांना दरदरून घाम सुटला, ग्लानी आली, नाडी पळायला लागली, तर एक मिनिट थांबायचं नाही. लष्करकरांच्या भावासारखी वेळ तीच असते.

छाती-फिजिओ, राजेंद्र नगर

सिस्टरनी सगळं लिहिलंच आहे, फक्त व्यायामाचं सांगते. श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं यंत्र देतात, त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. निम्मी घरं उलटं करतात. बाबांना खुर्चीत ताठ बसवा. श्वास पूर्ण सोडू द्या, मग नळकांडं ओठांत धरून सावकाश आत ओढायला सांगा. एक चेंडू वर टिकला तरी पुरे, तिन्ही उडवायची शर्यत नको. वर टिकवून दोन-तीन सेकंद धरा. जागे असताना दर तासाला सात-आठ वेळा, मध्ये थांबत, चक्कर वाटली तर बंद.

खोकायच्या आधी उशी डाव्या बरगड्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं, कळ निम्म्यावर येते. बाटली हातात गुडघ्याखाली धरून वॉर्डच्या टोकापर्यंत चालवा. दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम ठेवला तर बाबा कुरकुरणार नाहीत. रात्री डोक्याकडची बाजू उंच. डावा खांदा आखडू नये म्हणून हात दिवसातून काही वेळा डोक्यापर्यंत न्यायला लावा, नळीच्या भीतीने माणसं तो हात हलवतच नाहीत.

सुदामानगरची लेक, इंदूर

तुम्हा सगळ्यांचे कोणत्या शब्दांत आभार मानू कळत नाही. पट्टी सोडली. आत्याला मी नाही, आईनेच समजावलं. बाबांना विचारलं "खरं सांगा, दहापैकी किती दुखतं?" तर म्हणाले आठ. इतके दिवस "ठीक आहे" म्हणत होते. डॉक्टरांना सांगितल्यावर भूलतज्ज्ञ आले, स्टेंटचे कागद पाहिले, गोळ्या कधीपासून बंद आहेत ते विचारलं आणि मग इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बाबा स्वतःहून यंत्र घेऊन बसले.

पण आज नवीन चिंता. दोन दिवस बाटलीत फारसं काही आलं नाही. आम्हाला वाटलं संपलं. डॉक्टरांनी परत सीटी काढला तर आत अजून गुठळ्या आहेत, फुप्फुस खालून पूर्ण उघडलेलं नाही. म्हणाले दुर्बिणीने साफ करावं लागेल, नाहीतर औषध सोडून बघू. आई ऑपरेशनला तयार नाही, म्हणते आता जखम भरत आली, आपोआप जिरेल. भाऊ पुण्याहून म्हणतो बाबांना विमानाने इकडे आणा. सिस्टर, तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त सिस्टर, लोकमान्य नगर, इंदूर

माझे वडील असते तर दुर्बिणीला हो म्हटलं असतं, आणि लवकर.

कारण सांगते. छातीत सांडलेलं रक्त हृदय-फुप्फुसाच्या सतत हालचालीने काही प्रमाणात पातळ राहतं, ते नळीतून येतं. जे गोठलं ते नळीतून येत नाही, नळी कितीही जाड असो. थोडं असेल तर शरीर खरंच जिरवतं, आई म्हणते ते तेवढ्यापुरतं खरं आहे. पण अर्धा लिटरच्या आसपास राहिलं असेल तर डॉक्टर ते तसं सोडायला बघत नाहीत. एक तर त्यात जंतू वाढून पू होतो. दुसरं, त्या गुठळीवर हळूहळू जाळं धरतं आणि काही आठवड्यांत फुप्फुसाभोवती आंब्याच्या पोळीसारखा चिवट थर बसतो. मग फुप्फुस आत निरोगी असूनही फुलू शकत नाही, जिना चढताना माणूस थांबतो. तो थर सोलून काढायचं ऑपरेशन मोठं असतं, छाती उघडून, आणि ७१ व्या वर्षी मला ते नको वाटतं. पहिल्या आठवड्यात गुठळी मऊ असते, दोन-तीन छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने धुऊन निघते. आज जे सोपं आहे ते महिन्याने सोपं राहणार नाही, आईला हे असंच सांग.

गुठळी विरघळवायचं औषध नळीतून सोडतात तेही खरं आहे. भूल झेपणार नाही अशांना त्याचा फार उपयोग होतो. पण ज्याला नुकताच रक्तस्राव झाला आहे आणि ज्याच्या गोळ्या नुकत्या थांबल्या आहेत, तिथे डॉक्टर दहादा विचार करतील. तू विचार: आत अंदाजे किती मिली आहे? भूल देताना एकाच फुप्फुसाने श्वास चालवावा लागतो, तो बाबांना झेपेल का, हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं का? इथे दुर्बिणीने छातीचं ऑपरेशन नियमित करणारे सर्जन आहेत का? नसतील तर इंदुरातच दुसरीकडे हलवा, आपल्या गावात ती सोय आहे. संकोच करू नकोस, चांगले डॉक्टर स्वतःच नाव सुचवतात.

विमान आत्ता नाहीच. छातीत नळी आहे किंवा नुकती काढली आहे, अशा माणसाला उंचीवर नेत नाहीत. आत थोडीशी हवा राहिली असेल तर वर गेल्यावर ती फुगते. नळी निघाली, एक्स-रे स्वच्छ आला, त्यानंतर निदान दोन आठवडे आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीने. भावाला सांग, तूच ये. रात्रीची पाळी त्याला दे आणि तू झोप.

सुदामानगरची लेक, इंदूर

उशिरा लिहितेय, पण चांगलं लिहितेय. आईने तुमचा तो परिच्छेद दोनदा वाचला आणि स्वतःच सही केली. हृदयाच्या डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून परवानगी दिली. दुर्बिणीने गुठळ्या काढल्या, सर्जनने आम्हाला फोटो दाखवले, फुप्फुस डोळ्यांदेखत खालपर्यंत फुललं होतं. भाऊ आला आहे. नळ्या निघाल्या, काल घरी आलो. ॲस्पिरिन सुरू झाली, दुसऱ्या गोळीची तारीख कागदावर लिहून घेतली आहे. आता घरी काय जपायचं?

निवृत्त सिस्टर, लोकमान्य नगर, इंदूर

वाचून फार बरं वाटलं गं.

नळीच्या जागेवरचं ड्रेसिंग डॉक्टर सांगतील तोवर कोरडं ठेव, टाके त्यांच्या तारखेला काढ. त्या जागेतून पिवळं पाणी थोडं येऊ शकतं, पण दुर्गंधी किंवा पू नको. ताप, थंडी वाजणं, परत धाप, खांद्यात किंवा छातीत नव्याने कळ, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. फॉलोअपचा एक्स-रे बाबा बरे दिसतात म्हणून चुकवायचा नाही, आणि जुने सगळे एक्स-रे एका पिशवीत घालून ने, डॉक्टर शेजारी ठेवून बघतात. यंत्राचा व्यायाम काही आठवडे चालू ठेव. बरगड्या सांधायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर गाडी चालवायची नाही आणि सिलिंडर उचलायचा नाही. सिगारेट असेल तर आता कायमची बंद.

लोकमान्य नगरात ये कधी, आईला घेऊन.